उजवीकडचा खिसा

अक्काचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो. आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना जाऊन सांगावं लागतं, त्या रांगेत. "दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे वॉर्डातले आवाज येत होते, कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं... चार दिवस ताप हटत नव्हता, डॉक्टरांनी कल्पना दिली होती, तेव्हा मनाची तयारी झाली होती असं म्हणायची पद्धत आहे. माझी झाली नव्हती. तेवढ्यात माझा नंबर आला, खिडकीतल्या मुलीनं अंगठा ठेवायला सांगितला आणि मी मुकाट्यानं ठेवला. का ठेवला, कोण जाणे. दाजी गेल्याची बातमी कानात घेऊन मी स्वतः जिवंत असल्याचा अंगठा दिला आणि रिक्षा केली.

दाजी म्हणजे मल्लिनाथ, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं शिंपी. वय त्रेसष्ट. मैंदर्गीला त्यांच्या भावाच्या शेतात माती द्यायची ठरली. आमच्यात बसवून माती देतात. त्याआधी घरी ओट्यावर त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, अंगात त्यांनीच शिवलेला पांढरा शर्ट. दर्शनाला आलेल्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला हळूच म्हटलं, "टेलर माणूस, अन् सोताच्या शर्टाचा खिसा उजवीकडं लावलाय की." शेजारच्यानं मान हलवली. चुकून झालं असेल, शेवटी शेवटी नजर गेली असेल, असं काहीतरी दोघं बोलले. मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी त्यांना सांगू शकलो असतो की दाजींची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. खिसा त्यांनी मुद्दाम उजवीकडे लावला होता, कारण त्यांचं काळीज उजवीकडे होतं. आणि ते उजवीकडे आहे हे त्यांना साठीपर्यंत कळलं नाही, त्याला कारण मी आहे. हे मी त्या ओट्यावर बोललो नाही. आज लिहितोय.

बाळीवेशीच्या मागच्या बोळात दाजींचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्या. वळसंगला बारावी करून मी एक्स-रेचा कोर्स करायला सोलापुरात आलो तो थेट त्या खोल्यांत. अक्का आत भाकरी थापायची, बाहेर दाजींचं मशीन चालायचं आणि मधल्या उंबऱ्यावर बसून मी हाडांची नावं पाठ करत काजं-बटणं करायचो. दाजींच्या घरी कानडी, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक विणकरांच्या घरचं असलं तर मोडकंतोडकं तेलुगूसुद्धा. पण एकूण बोलणं कमीच. कापड आटलं, लाइट गेली, गिऱ्हाईक चिडून निघून गेलं, काहीही झालं तरी एकच उत्तर, "इरली बिडू." म्हणजे असू दे, सोड. अक्का वैतागायची. उद्या घराला आग लागली तरी हे इरली बिडूच म्हणतील, असं म्हणायची. फक्त एका बाबतीत ते काही सोडून देत नसत. उसवलेल्या शिवणीची भोकं घेऊन कपडा त्यांच्या दुकानाबाहेर पडत नसे. बोटानं पाणी लावायचं, नखानं घासायचं, इस्त्री फिरवायची, की कापडाचे धागे आपोआप जवळ येतात आणि भोकं बुजतात. हे काम ते माझ्याकडून तासन् तास करून घेत.

एका वर्षी संक्रांतीच्या तोंडावर बाराबंद्यांचं काम अंगावर आलं होतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालायला सगळ्यांना पांढरी बाराबंदी लागते आणि सगळ्यांना ती आठ दिवस आधी आठवते. मदत करतो म्हणून मी कात्री हातात घेतली. शिंपी कापड दुमडून कापतो, म्हणजे डावा आणि उजवा भाग एकदम निघतो. मी शहाणा. कापड न दुमडता एकाच कागदावरून एकेक भाग कापत गेलो, आणि छातीवरचे दोन्ही भाग उजवेच निघाले. माझं तोंड उतरलं. दाजींनी त्यातला एक उचलला, पालथा केला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. झाला डावा. पांढऱ्या कापडाला उलटं-सुलटं नसतं, ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या त्याची चूक पालथी घातली की मिटते, असं ते म्हणाले. मला ती फार मोठी युक्ती वाटली. ती त्यांनी कापडाबद्दल सांगितली होती, एवढं मी लक्षात ठेवायला हवं होतं.

कोर्स संपला आणि मला एका दवाखान्यात एक्स-रे विभागात नोकरी लागली. तेव्हा आजच्यासारखं कॉम्प्युटरवर काही दिसत नसे. फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची, ओली असतानाच दिव्यासमोर धरायची. डावी बाजू कुठली ते कळावं म्हणून फिल्मच्या पेटीच्या, म्हणजे कॅसेटच्या, कोपऱ्यावर शिशाचं अक्षर ठेवायचं, ते फोटोत उमटतं. नवखेपणी ते अक्षर मी दोनदा चुकीच्या बाजूला ठेवलं होतं आणि दोन्ही वेळा वरिष्ठांनी चारचौघांत माझी बिनपाण्यानं केली होती. तिसऱ्या महिन्यात दाजी आले. तीन आठवड्यांचा खोकला होता, आणि त्या खोकल्याचं नाव घ्यायला घरात कुणी धजत नव्हतं. मी त्यांना उभं केलं, श्वास रोखायला सांगितला, फोटो काढला. धुतलेली फिल्म वर धरली तर काळीज उजवीकडे.

मला वाटलं, झालं, अक्षर पुन्हा चुकलं. मी नीट पाहिलंच नाही असं म्हणायची मला सोय नाही, मी पाहिलं होतं. एकटं काळीजच जागचं हललं असतं तर मी थबकलो असतो. पण जठरातला हवेचा फुगासुद्धा उजवीकडे, डावीकडे असावं ते सगळंच्या सगळं उजवीकडे. फिल्म पालथी केली की कुठंच काही खटकत नव्हतं, पुस्तकातल्यासारखी छाती दिसत होती. एक्स-रेची फिल्म म्हणजे तरी काय, दोन्ही बाजू सारख्या असलेलं कापडच. दाजी बाहेर बाकावर बसले होते. त्यांना पुन्हा आत बोलावून दुसरा फोटो काढायला पाच मिनिटं लागली असती. पण दुसरी फिल्म मागायची तर वरिष्ठांना चूक सांगावी लागली असती... मी ब्लेड घेतलं, उमटलेलं अक्षर खरडून टाकलं, फिल्म पालथी केली आणि पांढऱ्या शाईनं नवं अक्षर लिहिलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला. फुप्फुसं स्वच्छ आहेत, कापसाच्या धुळीचा खोकला आहे, नाकाला फडकं बांधा, म्हणाले. त्या संध्याकाळी दाजींनी बोळात पेढे वाटले. फोटोचं पाकीट मापाच्या वह्यांच्या फडताळात जपून ठेवलं.

मग बरीच वर्षं गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना जेवणानंतर डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. शेंगाचटणी बंद केली, तळलेलं बंद केलं, गोळ्या झाल्या, ओव्याचं पाणी झालं. डावीकडे दुखतंय म्हणजे पित्ताशय नव्हे, ते उजवीकडे असतं, हे पोरगंही सांगेल. पेठेतले आमचे जुने डॉक्टर मात्र नळी कानाला लावून बराच वेळ गप्प बसले. नळी त्यांनी उजवीकडे नेली, परत डावीकडे आणली. मग हृदयाचा आलेख काढला, तोही त्यांना चमत्कारिक वाटला. छातीचा जुना फोटो आहे का, त्यांनी विचारलं. दाजी काही हरवणाऱ्यांतले नव्हते, ते पाकीट घेऊनच गेले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली. काळीज डावीकडे. तरी त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी मला फोन केला. हा फोटो तुम्ही काढलाय ना, नक्की ना, असं विचारलं. मी म्हणालो, डॉक्टर, मीच काढलाय, घरचाच माणूस आहे. ते हसले. कान म्हातारे झाले माझे, म्हणाले. त्यानंतर आणखी दीड वर्ष दाजी आम्लपित्ताच्या गोळ्या खात राहिले. मी खोटं बोललो नव्हतो. मला ते ब्लेड आठवलंच नाही. इतकी ती चूक माझ्या आयुष्यात नीट बसून गेली होती.

आठवलं ते सोनोग्राफीच्या पडद्यासमोर. संक्रांतीचाच हंगाम होता. दुखत असताना दाजींनी बाराबंद्या पुऱ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी ओकत, कळवळत आमच्या दवाखान्यात आले. डोळे पिवळे झालेले. पित्ताशयातला खडा खाली सरकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती, पण हे कळायच्या आधी सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी उजव्या बरगडीखाली तीनदा यंत्र फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. मग डावीकडे ठेवलं आणि मला हाक मारली. "सुभाषभाऊ, जरा बघा, मला वेड लागलंय का." यकृत डावीकडे होतं. पित्ताशय डावीकडे, खड्यांनी भरलेलं. काळीज उजवीकडे. आरशात दिसावा तसा आतला सगळा माणूस. जन्मापासूनच असं असतं काहींचं, त्यानं काही बिघडत नाही, कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, असं बाई दाजींना समजावत होत्या. माझ्या बोटांना ब्लेडची किरकिर ऐकू येत होती.

ज्या सर्जन मॅडम ऑपरेशन करणार होत्या त्यांनी सगळी जुनी कागदपत्रं मागवली. फिल्मही आली. मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, हा फोटो यांचा असूच शकत नाही, पाकिटं बदललेली दिसतायत. दाजी खाटेवर बसले होते, अक्का शेजारी, मी दारात. सांगायचं असतं तर ती वेळ होती. "असेल," मी म्हणालो. एवढाच एक शब्द. पस्तीस वर्षं इमानानं केलेली नोकरी त्या एका शब्दात वाया घालवली असं मला अजून वाटतं.

सूज उतरायला काही आठवडे गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडम दाजींपाशी येऊन बसल्या. पोटाला चार छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीनं पित्ताशय काढायचं, ही शस्त्रक्रिया त्या डोळे मिटून करू शकतील इतक्या वेळा त्यांनी केली होती. पण या वेळी त्यांना पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागणार होतं, पडदा उलट्या बाजूला, छिद्रं उलट्या बाजूला, आणि उजव्या हाताचं निम्मं काम डाव्या हाताला. वेळ लागेल, आणि अडचण वाटली तर मी पोट उघडेन, असं त्यांनी सरळ सांगितलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, उलट्या अंगानं शिवायचं म्हनलं की हात फसवतोय. मनाला कळलेलं आसतंय, हाताला न्हाय. तवा आदी खडूनं खुना करायच्या, अन् परतेक टाक्याला थांबायचं. आमी तसंच करतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी खरंच शाईच्या पेननं त्यांच्या पोटावर खुणा केल्या. दाजी मान वर करून बघत होते आणि एका खुणेला त्यांनी शिंप्यासारखी पसंतीची मान डोलावली.

पित्तनळीत खडा उरलाय का ते बघायला ऑपरेशन चालू असताना एक्स-रे लागणार होता, म्हणून यंत्र घेऊन मी आत होतो. मॅडम दाजींच्या उजव्या अंगाला उभ्या होत्या. अर्ध्या तासात व्हायचं काम दोन तास चाललं. सूज येऊन गेल्यामुळे आत सगळं चिकटलेलं होतं. हात आपोआप जुन्या वाटेला जायचे, मॅडम थांबायच्या, "नाही, इकडे," असं स्वतःलाच बजावायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. मग नळीत औषध सोडलं आणि मी चित्र पडद्यावर आणलं. माझ्या यंत्राला एक बटण आहे, दाबलं की डाव्याचं उजवं होतं. नेहमीसारखं चित्र दिसलं तर मॅडमना सोपं जाईल असं मला वाटलं, खरंच मदत म्हणून वाटलं, आणि माझं बोट त्या बटणावर गेलं. मॅडमनी मान न वळवता म्हटलं, "उलटवू नका. आहे तसंच दाखवा." मी बोट काढून घेतलं. नळी मोकळी होती. ऑपरेशन नीट पार पडलं.

बरे होऊन घरी आल्यावर दाजींनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःच्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवून उजवीकडे लावले. कुणी विचारलं की सांगायचे, खिसा काळजावर पाहिजे, नाहीतर पैशाची राखण कोण करणार. बोळातल्या सगळ्यांना मजा वाटायची, मलाही ते बरं वाटायचं. एका दुपारी मी गेलो तर ते मशीनवर नव्हते. फडताळापाशी उभे राहून ती जुनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून पाहत होते. मला पाहूनही त्यांनी ती खाली घेतली नाही. अंगठा हळूहळू कोपऱ्यावरून फिरवला, जिथं ब्लेडनं खरडलेलं होतं तिथं. उसवलेली शिवण ज्याला अंधारात बोटानं कळते, त्याचा अंगठा होता तो. मग त्यांनी फिल्म पालथी केली. माझं पांढऱ्या शाईतलं अक्षर उलटं झालं आणि काळीज उजवीकडे आलं. थोडा वेळ पाहिलं, फिल्म पाकिटात घातली, पाकीट फडताळात ठेवलं. "च्या घेनार?" असं विचारलं. मी घेतला. त्यांना कळलं की नाही, कळलं असेल तर काय वाटलं, हे विचारायचा धीर मला त्या दिवशी झाला नाही आणि पुढच्या अडीच वर्षांतही झाला नाही.

स्वादुपिंड मात्र पुन्हा सावरलं नाही. सूज वारंवार येत राहिली, साखर वाढली, सुया सुरू झाल्या, खाल्लेलं अंगी लागेना. दीड वर्ष आधी ऑपरेशन झालं असतं तर हे टळलं असतं का, असं मी मॅडमना विचारलं होतं. तसं सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. प्रामाणिक बाई. टळलं नसतं, असंही त्या म्हणाल्या नाहीत. दाजी वाळत गेले आणि दर दोन-तीन महिन्यांनी आपले शर्ट आत घेत गेले. मापाच्या वहीत त्यांच्या नावाचं एक पान आहे. छाती अडतीस, मग छत्तीस, मग चौतीस... त्यांच्याच अक्षरात, एकाखाली एक. शर्ट अंगावर कधी ढगळ दिसला नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचं आजारपण कळायचंच नाही. एकदा मी ठरवून गेलो, दाजी, मला तुम्हाला एक सांगायचंय, असं म्हणालोसुद्धा. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मला हात वर करायला सांगितलं. माझं माप घेतलं. टेप छातीभोवती असताना माणसाला बोलता येत नाही, निदान मला आलं नाही. मला वाटलं, त्यांनी विषय टाळला.

इथवर लिहून मी कागद चार दिवस तसाच ठेवला. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं, आणि हे पेपरात छापून आल्यावर तिला कळावं हे बरं नव्हतं. परवा गेलो. दुकान बंद असतं आता. बाराबंदीसाठी माणसं येतात, कुलूप बघून जातात. आम्ही दुकानातच बसलो, ती दाजींच्या स्टुलावर, मी उंबऱ्यावर. मी वाचत गेलो. ब्लेडची गोष्ट आली तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. वाचून संपलं. आपली बहीण आता आपल्याशी बोलणार नाही, असं मी धरून चाललो.

मग ती उठली आणि फडताळातून कागदात गुंडाळलेला एक शर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला. आकाशी रंगाचा, माझ्या मापाचा. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात दाजींनी शिवलेला. त्यांच्या हातचा शेवटचा. खिसा डावीकडे होता, रीतसर. पण उजव्या छातीवर बारीक भोकांचा एक चौकोन होता. स्वतःच्या सवयीनं त्यांनी माझाही खिसा आधी उजवीकडे लावला होता आणि मग उसवून डावीकडे घेतला होता.

"मी म्हनलं, आना हिकडं, पानी लावून घासते," अक्का म्हणाली. "तर दिलं न्हाय. म्हनाले, राहू दे. सुभाषनं मला खरडून दिलं हुतं, मी त्येला उसवून देतो. इरली बिडू." तिनं त्या भोकांवरून बोट फिरवलं. "तवा मला काय बी कळलं न्हाय. आज कळलं." आणि मग, थोरल्या बहिणीच्या आवाजात, "घालून बघ."

मी तिथंच घातला. तिनं गळ्याचं बटण लावून दिलं. माप बिनचूक बसलं होतं. कापड एकदा पाण्यातून निघालं की भोकं बुजतात, हे मला दाजींनीच शिकवलं होतं. म्हणून तो शर्ट मी अजून धुतलेला नाही.